आमच्याविषयी, दोनशे शब्दांत

माणूस म्हणजे नेमका कोण, या प्रश्नापुढे भल्याभल्या ऋषिमुनींनी हात टेकले आहेत. उभा जन्म घालवूनही उत्तर मिळेल याची हमी त्यांच्यापैकी कोणी दिलेली नाही. गुजरातेतल्या सावरकुंडल्याच्या वजुभाई हरसोरांना ते उत्तर गुरुवारपर्यंत द्यायचं होतं, दोनशे शब्दांत, आणि सोबत एक फोटो जोडायचा होता.

सगळं सुरू झालं एका फोनपासून. सोमवारी सकाळी तराजूंचं दुकान उघडून, देवापुढे उदबत्ती लावून वजुभाई गादीवर टेकले होते. पुड्यातले गाठिये अजून गरम होते आणि सोबतच्या कच्च्या पपईच्या किसातली, म्हणजे संभाऱ्यातली, मिरची नुकती दाताखाली आली होती, तेवढ्यात फोन वाजला. "जॉनभाई आहेत का?" पलीकडच्याने विचारलं. आवाज मऊ होता, अदबीचा होता, शिकल्यासवरल्याचा होता. "इथे कोणी जॉनभाई नाहीत," असं म्हणून वजुभाईंनी रिसीव्हर ठेवला, आणि ठेवता ठेवता 'पितळी' आणि 'चाळीस' असे दोन शब्द त्यांच्या कानात पडले. जुना फोन, नंबर दाखवण्याची त्याला सवय नव्हती. वजुभाई बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. हल्ली दुकानात खपत ते विजेवर चालणारे, आकडे दाखवणारे काटे, आणि तेही कुठूनतरी सुटे येऊन इथे नुसते जोडले जायचे. पितळी दांडीचे तराजू वर्षाला दहा-बारा गेले तर नानजीभाई, म्हणजे दुकानातला पंचाहत्तरीचा एकुलता एक कारागीर, खूश होऊन दुपारी दोनदा चहा मागायचा. आणि आता कोणीतरी चाळीस म्हणत होतं आणि वजुभाईंनी फोन ठेवला होता. अंगठ्याला लागलेलं बेसन त्यांनी धोतराला पुसलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पँट घातलेली आहे. धोतराला हात पुसायची सवय बापाची होती.

जॉनभाईंचा पत्ता दुपारी लागला. कृपाली, त्यांची मुलगी, राजकोटला नोकरी करायची आणि दहा दिवसांसाठी घरी आली होती. दुकानाची वेबसाईट व्हावी हा तिचाच आग्रह, आणि ती तिच्या ओळखीच्या पार्थ नावाच्या मुलाने तीन आठवड्यांपूर्वी जगासमोर मांडलेली होती. तिने फोनवर 'आमच्याविषयी' हे पान उघडलं आणि तिचा चेहरा चोरी पकडलेल्या बारा वर्षांच्या मुलीसारखा झाला. पार्थने नमुन्याचा मजकूर होता तसाच सोडला होता, यंत्राने गुजरातीत उतरवलेला. आमचे संस्थापक जॉन यांनी एका लहानशा गॅरेजमध्ये, खिशात फक्त एक स्वप्न घेऊन या कंपनीची सुरुवात केली. खाली 'आमचं कुटुंब' म्हणून फोटो होता: सुटाबुटातली सहा गोरी माणसं एका काचेच्या खोलीत टाळ्या वाजवत होती. वजुभाईंनी चष्मा वर सरकवून तो नीट पाहिला. त्यातला एक जण, कडेचा, टक्कल पडलेला, थोडासा नानजीभाईसारखा हसत होता हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. "तीन आठवडे," कृपाली म्हणाली, "तीन आठवडे आपण जॉनचे वंशज आहोत, पप्पा, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही." "एकाच्या आलं," वजुभाई म्हणाले. "त्याला चाळीस हवे होते."

पार्थने फोनवर माफी मागितली आणि लगेच उपदेशही केला. या पिढीला दोन्ही एका दमात जमतं. ते पान सगळ्यात महत्त्वाचं असतं, काका. माल सगळ्यांकडे असतो. माणूस बघायला लोक तिथे येतात. दोनशे शब्द पुरेत. मोठे मोठे शब्द नकोत. तुम्ही कोण, कोणासाठी काम करता, आणि बाजूच्या दुकानात न जाता तुमच्याकडेच का यावं, एवढं सांगा. गुरुवारी मी बसवतो. फोन ठेवल्यावर कृपालीने कागदावर हे तीन प्रश्न लिहून त्यांच्यापुढे सरकवले, वर एक पेन ठेवलं आणि म्हणाली, "लिहा. आणि तो माणूस परत फोन करेल. चाळीस तराजू घेणारा माणूस एका फोनने खचत नाही."

दुपारी एक ते चार सावरकुंडल्यात कोणी काही करत नाही. शटर अर्ध्यावर येतात, कुत्रीसुद्धा गिऱ्हाईक बघून अंग हलवत नाहीत. वजुभाई घरी न जाता दुकानातच कागद घेऊन बसले. अर्ध्या शटरखालून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवरून रांगत त्यांच्या पायांपर्यंत आला. आढ्याला टांगलेल्या जुन्या पारड्यांतून गरम पितळेचा तो वास उतरत होता, चिंचेने घासल्यावर येतो तसला, आंबट आणि जरासा रक्तासारखा. लहानपणी त्यांना वाटायचं की सगळ्यांच्या बापांना हाच वास येतो. शाळेत पहिल्यांदा एका शिक्षकाच्या मुलाला त्याच्या बापाने कडेवर घेतलेलं पाहिलं आणि जवळ जाऊन हुंगलं, तर त्या बापाला नुसता साबणाचा वास होता, आणि वजुभाईंना त्या मुलाची दया आली होती. हे लिहावं का? नको. त्यांनी लिहिलं: आम्ही १९५१पासून गिऱ्हाईकाच्या विश्वासाला पात्र ठरत आलो आहोत. वाक्य छान उभं राहिलं. मग हाताच्या सवयीने त्यांनी ते पालटून पाहिलं.

पालटून पाहणं म्हणजे या धंद्याची संध्या. तराजू तयार झाला की डाव्या पारड्यात माल, उजव्यात वजन घालायचं; काटा मध्ये आला की खूश व्हायचं नाही, माल उजवीकडे आणि वजन डावीकडे करायचं. तरीही काटा मध्येच राहिला तर तराजू खरा. देवशीबापा, वजुभाईंचे वडील, जेवायला बसल्यावरही ताटातली भाजी आणि रोटला यांची जागा बदलायचे, म्हणून आई चिडायची. तेव्हा वजुभाईंनी आपल्या वाक्यातून आपलं दुकान उचललं आणि तिथे नदीपलीकडचं भनुभाईंचं दुकान ठेवलं. नावली नदीच्या एका काठाला सावर आणि दुसऱ्याला कुंडला. भनुभाई, म्हणजे सख्ख्या काकांचा मुलगा, वजुभाईंपेक्षा चार वर्षांनी मोठा, पलीकडे तराजूच विकायचे. दोघांचे बाप चौऱ्याऐंशी सालापर्यंत एकाच भट्टीवर होते, मग वेगळे झाले, भांडण न करता, म्हणजे कायमचे. भनुभाई १९५१पासून विश्वासाला पात्र ठरत आले आहेत. वाक्य तसूभरही हललं नाही. आणि इथे वजुभाईंना पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. तराजू पालटूनही हलला नाही तर तो खरा. मग हे वाक्य पालटूनही हललं नाही तर ते खरं ठरायला हवं. पण ते खरं वाटत नव्हतं, ते कोणाचंच वाटत नव्हतं. इतकंच काय, त्यात जॉनभाईला ठेवला तरी ते चाललं असतं.

मंगळवार त्याच्यातच गेला. आम्ही दर्जाला सर्वोच्च प्राधान्य देतो, भनुभाई देतात. आमचे कारागीर पिढीजात आहेत. भनुभाईंचेही, आणि नानजीभाईचा धाकटा भाऊच तिकडे आहे. आमचा तराजू वर्षा-दोन वर्षांनी परत तपासून घ्यावा, कारण दांडी जिच्यावर टेकते ती पोलादी धार झिजते आणि तोल ढळतो; हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडलं, पण कृपालीने वाचून कपाळावर हात मारला. "पप्पा, हे 'आमचा माल बिघडतो' असं पहिल्याच ओळीत सांगणं झालं." "पण बिघडतो ना." "बिघडतो, पण हातात येईपर्यंत तरी थांबा." वजुभाईंना वाईट वाटलं नाही. चाळीस वर्षांत प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यांनी मालाबरोबर हेच वाक्य दिलं होतं आणि लोक तराजू काखोटीला मारून समाधानाने गेले होते. कागदावर ते अचानक धंद्याच्या मुळावर आलं, हा कागदाचा दोष. हंसाबेननी, त्यांच्या बायकोने, छास ओतताना विचारलं, "अहो, इतकं काय लिहायचं असतं? आम्ही हरसोरा, तराजू करतो, दुपारी बंद." "शब्द दोनशे हवेत." "मग 'दुपारी बंद' तीन भाषांत लिहा."

कृपालीने मग भनुभाईंचंच पान उघडून दाखवलं. त्यांच्या नातवाने केलेलं होतं. मोठ्या अक्षरांत: सत्तर वर्षांत आमच्या हातून एकही खोटा तराजू गेला नाही. वजुभाईंनी ते दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. कारण हे वाक्य त्यांना पालटता येत नव्हतं. आपलं दुकान तिथे ठेवलं की काटा हलत होता.

आढ्याला, तिसऱ्या खुंटीला, बाकीच्यांपासून जरा वेगळा, लाल दोरा बांधलेला एक तराजू टांगलेला होता. वजुभाई चौदा वर्षांचे असताना देवशीबापांनी तो खाली काढून त्यांच्यापुढे धरला होता. धंद्यात हात घालायच्या आधीचा दिवस. बाकीच्या घरांत त्या दिवशी पेढे वाटतात. "रिकामा बघ," बापा म्हणाले. रिकामा सरळ होता, काटा मध्ये, साधू असावा तसा. "माल घाल." डावीकडे मूठभर शेंगदाणे, उजवीकडे वजन, काटा मध्ये. "पालट." पालटल्यावर उजवं पारडं सरळ खाली गेलं. बापाच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून ते त्याच्या हाताकडे बघत राहिले; चिमटीत दांडी धरलेला हात जराही हलत नव्हता. वजुभाईंच्या जन्माआधी दोन वर्षं एका शेंगांच्या व्यापाऱ्याने, शेतकऱ्यांचा माल कमी भरावा म्हणून, तो तराजू करून घेतला होता. त्या साली भट्टी थंड होती, घरात दोन बायका बाळंतपणाला आलेल्या. डावा दांडा केसभर आखूड. अकरा दिवस तो त्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर टांगला होता. अकरा दिवस देवशीबापा बाजाराच्या वाटेने गेले नाहीत, नदीच्या पात्रातून वळसा घेऊन जायचे. बाराव्या दिवशी ते नवा, खरा तराजू घेऊन गेले, तपासनीस यायचा आहे अशी थाप मारली आणि पहिला परत आणला. वितळवला का नाही, असं वजुभाईंनी विचारलं होतं. "वितळवला तर विसरेन," बापा म्हणाले, आणि दोरा बांधून परत टांगला. नंतर कधी विषय निघाला नाही. पण वजुभाईंनी आजतागायत केलेला प्रत्येक तराजू त्या दोऱ्याखाली उभं राहून पालटलेला होता. ती नुसती भीती नव्हती. रोज सकाळी त्याच दगडावर पाय ठेवून नदी ओलांडावी तसं काहीतरी होतं, आणि विचार केला तर त्यात सुखच होतं.

बुधवारी दुपारी अर्ध्या शटराखाली बसून त्यांनी ते लिहून काढलं. हात थांबतच नव्हता. आमच्या दुकानातून एकच खोटा तराजू गेला. तो माझ्या वडिलांनी, देवशीभाई हरसोरांनी, केला होता, आणि बाराव्या दिवशी परत आणला. तो दुकानात टांगलेला आहे. कोणीही येऊन पाहावा, पालटून पाहावा, म्हणजे आम्ही रोज कशाला घाबरतो ते कळेल. तुमचा तराजू त्याच्याच खाली तपासला जातो. मग धार झिजते तेही लिहिलं, कारण आता ते शोभत होतं. शेवटी दुपारी एक ते चार बंद. मोजले तर एकशे शहाऐंशी शब्द भरले. पेन खाली ठेवताना त्यांना वाटलं, मेलेल्या माणसाची परवानगी कशी घेतात? भिंतीवर हार घातलेल्या फोटोत देवशीबापा फोटोवाल्याने सांगितल्यामुळे ताठ बसले होते. त्यांना काही विचारलं असतं तर त्यांनी आधी फोटोवाल्याकडे पाहिलं असतं. नानजीभाई भट्टीजवळून उठून आला, चष्मा नसल्याने त्याने कागद वाचून घेतला. "बापांनी हे कोणाला सांगू नको म्हटलं होतं?" त्याने विचारलं. "नाही. म्हटलं नव्हतं." "मग झालं. माणूस जे झाकायचं असतं ते आढ्याला टांगत नाही." कृपालीने वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि पार्थला पाठवलं. तिचे डोळे जरा लाल दिसत होते, पण भट्टीचा धूर होता.

गुरुवारी संध्याकाळी पान लागलं. सहा गोरी माणसं गेली आणि त्यांच्या जागी लाल दोऱ्याच्या तराजूखाली उभे वजुभाई आणि नानजीभाई आले, दोघेही पोलिसांनी फोटो काढल्यासारखे. शुक्रवारी सकाळी भनुभाई आले. नदीचं पात्र ओलांडून, भाजीबाजारातून, चालत. गेल्या चौदा वर्षांत ते वजुभाईंकडे फक्त दोन सुतकांना आले होते. वजुभाईंनी सरकून गादीवर जागा केली. भनुभाई गादीवर बसले नाहीत. "वजु," ते म्हणाले, "नातवाने वाचून दाखवलं. सगळ्या गावाला वाचून दाखवायला वेबसाईट केलीस होय?"

"भनुभाई, बसा तरी. चहा घ्या."

"चहा नंतर. आधी तो खाली काढ."

नानजीभाईने काठीने तराजू खाली काढला. भनुभाईंनी तो हातात घेतला, जुन्या गिऱ्हाईकासारखा नाही, आजारी नातेवाइकाचा हात घ्यावा तसा. रिकामा धरला. काटा मध्ये. "डावा दांडा आखूड," ते म्हणाले. "खरं?"

"खरं."

"मग रिकामा सरळ कसा राहतो?"

वजुभाईंनी डाव्या पारड्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं तराजू करणाऱ्या माणसाला हा प्रश्न लहान मुलाने विचारला असता तरी त्याने उत्तर दिलं असतं. दांडा आखूड असेल तर त्या बाजूचं पारडं तेवढंच जड लागतं, नाहीतर तराजू रिकामाच वाकतो आणि चोरी दारातच पकडली जाते. चोरी करायला दोन माणसं लागतात: एक दांडी करणारा, एक पारडं करणारा. आणि त्या भट्टीवर दांड्या देवशीबापा करायचे, पारडी करायचे भनुभाईंचे वडील, गोरधनकाका. त्रेचाळीस वर्षं त्यांनी हा तराजू रोज पाहिला होता, आणि त्यात त्यांना नेहमी एकटा बाप दिसला होता. भनुभाईंनी डावं पारडं उलटं केलं. बुडाशी, नखाने चाचपल्याशिवाय कळू नये असा, शिशाचा थर होता, सुबक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. "बघ काम," भनुभाई म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जे होतं त्याला अभिमानाशिवाय दुसरं नाव देता येईना. "असं शिसं आता कोण ओततं? बाराव्या दिवशी परत आणायला दोघे गेले होते. थाप माझ्या बापाने मारली. देवशीकाका थाप मारू शकत नव्हते, त्यांचे कान लाल व्हायचे. आणि तू लिहितोस, देवशीभाईंनी केला. एकट्याचं नाव. सत्तर वर्षं पारड्यांना कोणी विचारलं नाही, आता पापातूनही काढलंस."

"तुमच्या पानावर तर 'एकही नाही' म्हटलंय, भनुभाई."

"नातू गाढव आहे. त्याला मी सांगितलं नव्हतं. माझ्या बापाने मला सांगितलं ते मरताना." ते शेवटी गादीवर बसले. "मला वाटलं, देवशीकाकांनी तुला सांगितलं नसेल. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल."

"म्हणून तू इतकी वर्षं माझ्याकडे आला नाहीस?"

"नाही. तुम्ही आला नाहीत म्हणून."

"बरोबर," भनुभाई म्हणाले. "चहा सांग."

चहा आला. दोघांनी तो बशीत ओतून प्यायला, एकाच वेळी फुंकर घालत, आणि नानजीभाईने मध्ये ठेवलेल्या पुड्यातले गाठिये भनुभाईंनी विचारल्याशिवाय आपल्याकडे ओढले. वजुभाईंना जाणवलं की आपल्याला हलकं वाटतंय, आणि त्याच वेळी आपल्याकडचं काहीतरी गेलं आहे. बापाची ती एकट्याची भीती आता अर्धी दुसऱ्याची झाली होती. त्यांनी लिहिलेलं एकमेव वाक्य, जे पालटता येत नव्हतं, तेही पालटता आलं. नदीच्या दोन्ही काठांना ते सारखंच खरं होतं. जुन्या हिशेबाने पाहिलं तर आता कुठे ते खरं ठरलं होतं. कृपालीने तिथेच पार्थला फोन लावला: देवशीभाई आणि गोरधनभाई हरसोरा, दांडी एकाची, पारडं एकाचं. भनुभाईंनी शब्द मोजायला लावले. दोनशे झाले. जाताना ते दारात थांबून म्हणाले की नातवाला सांगून ते 'एकही नाही' काढून टाकतो, त्या जागी काय टाकू? "दुपारी बंद," आतून हंसाबेन म्हणाल्या. त्या डबा घेऊन कधी आल्या होत्या कोणाला कळलं नव्हतं.

सोमवारी सकाळी, गाठियांचा पुडा सुटायच्या आधी, फोन वाजला. तोच मऊ आवाज. "जॉनभाई आहेत का?"

वजुभाईंनी कृपालीकडे पाहिलं. "बोला," ते म्हणाले, "जॉनभाईच बोलतोय."

बडोद्याहून बोलत होता. नवं हॉटेल काढत होता. पितळी तराजू, चाळीस नग, दोन महिन्यांत. वजुभाईंनी हाताने नानजीभाईला खूण केली. नानजीभाई भट्टीवरून उठला. आमचं पान वाचलंत का, असं वजुभाईंनी शक्य तितक्या सहज विचारलं. कुठलं पान, तो म्हणाला. त्याने गेल्या महिन्यात कुठेतरी तराजूचा फोटो पाहिला होता, खालचं जॉन हे नाव आणि नंबर लिहून घेतला होता. प्रत्येक टेबलावर एक तराजू लटकणार होता. एका पारड्यात दिवा, दुसऱ्यात कुंडी. पारडी हलता कामा नयेत, पक्की बसवून द्यायची. आणि तोल, वजुभाईंनी विचारलं, तोलाचं काय. तोलाची काही गरज नव्हती. सरळ तराजू फोटोत मेलेले दिसतात असं सजावटवाल्याचं मत होतं. चाळीसही तराजू डावीकडे दोन बोटं कललेले हवे होते.